काळे सरांचं वर्तुळ

काळे सरांच्या खिशात पेनाच्या जोडीला कायम कर्कटक असे. काही हरवलं, कसला वास आला, कुठून आवाज आला, की सर आधी कागदावर वर्तुळ काढत. चष्मा हरवला तर घराचा नकाशा काढून त्यावर वर्तुळ. वहिनी तेवढ्यात चष्मा शोधून आणत आणि वर्तुळावरच ठेवत.

प्रवरेकाठच्या आमच्या लहानशा कॉलेजात नव्वदच्या दशकात ते पदार्थविज्ञान शिकवत आणि मी मराठी. त्यांचं संशोधन आकाशातलं. गॅमा किरण टिपणारा उपग्रह एवढंच सांगायचा, की या भागातून कुणीतरी जोरदार किरण सोडतंय. भाग पौर्णिमेच्या चंद्राहून मोठा. मग त्याच भागाची क्ष-किरणांतली चित्रं पुण्याहून एसटीनं आणायची आणि त्यातला नेमका कोण ते हुडकायचं. "गॅमाला तालुका कळतो, घर कळत नाही," सर म्हणत.

चित्रात चार-पाच ठिपके निघत. एखादा चांगला ठसठशीत, अगदी मधोमध. मी म्हणे, "हाच की." सर मान हलवत. "वर्तुळात आहे म्हणून तोच, असं होत नाही." वर्षानुवर्षं शोधून त्यांनी एकाही ठिपक्यावर बोट ठेवलं नव्हतं. 'अनोळखी' असं लिहून मोकळे. अशा माणसाला बढती कोण देणार?

एकदा स्टाफरूममध्ये मेलेल्या उंदराचा वास सुटला. सरांच्या वर्तुळात प्राचार्यांचं कपाट आणि माझा डबा असे दोन उमेदवार निघाले. ते माझ्या डब्याची तपासणी करत असताना शिपायानं कपाट उघडलं आणि उंदीर शेपटीला धरून बाहेर नेला. "पुरावा आला," म्हणत सर समाधानानं चहा प्यायले. मी डबा परत मागून घेतला.

मग आमच्या कॉलनीच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली. मागच्या बाभळींत एका भटक्या कुटुंबानं पाल टाकलं होतं. कुणी काही पाहिलं नव्हतं, तरी दुपारपर्यंत पोलिसांनी पालातल्या माणसाला उचललं. कॉलनीला हायसं वाटलं. सर मात्र तडक ठाण्यात गेले, आणि त्यांना आवरायला मागोमाग मी.

फौजदार त्याच्या परीनं सभ्य होता. "सर, पाल तिथंच हाय न्हवं? मग आनखी कोन आसंल?"

"माहीत नाही."

"मग आमी काय लिवायचं?"

"माहीत नाही, असंच लिहा. आम्ही लिहितो."

आणि सर बाकावर बसून राहिले. चहा नको, पाणी नको. शेवटी संध्याकाळी फौजदारानं वैतागून त्या माणसाला सोडलं. बाहेर धुळीत बसलेली त्याची बायको उठली आणि त्याच्यामागून चालू लागली.

परतताना मी चिडून विचारलं, "सर, तुम्हाला एवढं काय पडलंय?"

सर थांबले. आजवर मी त्यांच्या तोंडून पुस्तकी मराठीच ऐकली होती.

"आमचं बी पालच हुतं," ते म्हणाले. "गावात चोरी झाली की बापाला न्यायचे. मंग थोरल्या भावाला बी न्यायला लागले. तवा आईनं मला साळंत घातलं. शिकायला न्हाई. चोरी झाली तवा पोरगं कुठं हुतं, ते मास्तरानं लिवलेलं असावं म्हनून."

सर पुन्हा चालू लागले.

"तापात बी गेलो," ते म्हणाले. "एक दिस चुकवला न्हाई."