काशीचा उघडा डाव

काशीच्या दहाव्याला कावळा शिवेना, आणि तिथूनच या सगळ्या भानगडीला सुरुवात झाली.

नदीकाठी पिंड मांडून माणसं बाजूला उभी होती. समोरच्या उंबरावर कावळे बसले होते, पण खाली उतरायला एकही राजी नव्हता. काशीचा नवरा साईनाथ, त्याची थोरली बहीण जनाबाई खर्डीहून आली होती. तिने हात जोडून सांगितलं, "वयनी, तुज्या दर्शनाचं लगीन आमी थाटात करू गो." कावळा ढिम्म. शेजारच्या भिमाने सांगितलं, "काकी, तुमची शेळी कुनाला इकू देनार नाय." कावळ्याने मान फिरवून चोच घासली. ऊन चढलं, लोक चुळबुळ करू लागले. शेवटी साईनाथ स्वतः पुढे झाला.

"काशे," तो म्हणाला, "तुजा पत्त्यांचा डाव हाय तसा ठेवीन. लॅपटॉप बंद करनार नाय. कुनाला हात लावू देनार नाय."

त्याचं बोलणं पुरतं व्हायच्या आत कावळा खाली आला आणि भाताचा घास उचलून गेला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आपण कशात अडकलो हे साईनाथच्या लक्षात आलं ते घरी गेल्यावर.

साईनाथची सगळी हयात एसटी चालवण्यात गेली होती. मुरबाडहून माळशेजचा घाट चढायचा, उतरायचा, आणि कोणी मागून सल्ला दिला की डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवायचं: चालकाशी बोलू नये. निवृत्त होऊन तो टोकावड्याजवळच्या आपल्या गावात येऊन बसला आणि सल्ले द्यायची पाळी त्याच्यावर आली. लेक दर्शना आसनगावला खोली घेऊन राहायची, ठाण्यातल्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायची. तिने आपला जुना लॅपटॉप आईला दिला होता. जुन्या मशीनवर हलकी चालते म्हणून त्यात लिनक्स ही सिस्टीम टाकली होती आणि त्यात एकट्याने खेळायचा पत्त्यांचा खेळ होता. काशीला त्याचं वेडच लागलं. रोज संध्याकाळी ती ओटीवर डाव मांडायची आणि साईनाथ मागे बसून बडबडायचा.

"ती सत्ती उचल की. अगो, ती नाय, ती!"

"चालकाशी बोलू नये," काशी मान न वळवता म्हणायची.

त्या संध्याकाळी तिचा डाव अडला. "ऱ्हाऊ दे तसाच. सकाळी नव्या डोळ्यांनी बघितलं का दिसंल कायतरी," असं म्हणून ती झोपली, आणि सकाळी उठलीच नाही. घर माणसांनी भरलं, रडारड झाली, तिला नेलं. संध्याकाळी साईनाथ ओटीवर आला तर पत्ते तसेच मांडलेले. तेवढी एकच गोष्ट घरात तिने सोडली तशी होती. बाकी सगळं बायकांनी आवरून टाकलं होतं.

लॅपटॉपची बॅटरी थकलेली. वीज गेली की चहा उकळेपर्यंत तग धरायची, पुढे राम. आणि टोकावड्याकडची वीज म्हणजे जोराने शिंकलं तरी जाणारी; एवढे दिवस नशिबाने लगेच परतत होती. दहाव्यानंतर दोनच दिवसांनी भरदुपारी ती गेली, तसा साईनाथ अनवाणी भिमाच्या खळ्यावर धावला.

"भिमा, टॅक्टरची बॅटरी दे!"

"काका, भारे वाहायचेत अजून. पान्याचं काय खरं नाय."

"कावळ्याम्होरं शब्द दिलाय मी. तू व्हतास ना तिथं?"

भिमा होता. त्याच्याने नाही म्हणवेना. त्याच्याकडचा लग्नाच्या मंडपातला इन्व्हर्टर आणि ट्रॅक्टरची बॅटरी ओटीवर येऊन बसली. भाताचे भारे शेतातच राहिले, आणि भिमाची बायको सारिका साईनाथच्या घरावरून जाताना मान दुसरीकडे वळवून जाऊ लागली.

पुढच्या आठवड्यात जनाबाई भावाला दोन घास करून घालायला आली. तिला खोबऱ्याची चटणी वाटायची होती. वीज नव्हती, ओटीवर इन्व्हर्टरचं तेवढं एकच बटण चालू होतं. तिने तिथली लॅपटॉपची पिन काढली आणि मिक्सर लावला. मिक्सर घरघरला, इन्व्हर्टर किंचाळला आणि साईनाथ न्हाणीतून अंगाला साबण तसाच घेऊन बाहेर आला.

"काढ ती पिन! काढ आदी! डाव मोडतेस काय तिचा?"

"चटनी करतंय रे तुज्यासाठी!"

"मना नको चटनी!"

"वयनी गेली ती गेली, आता बहीन पन नको तुला," असं म्हणत जनाबाईने पिशवी उचलली आणि न जेवता खर्डीला परत गेली. डाव वाचला होता, पण साईनाथला घास गिळेना. आपण चुकलो हे त्याला कळत होतं. फोन करावा तर जीभ रेटेना.

अखेर रविवारी दर्शना आली. ओटीवरचा बॅटरी-वायरांचा पसारा बघून ती उंबऱ्यातच थांबली.

"बाबा, या डावाचा फोटो काढते. मग बंद करू. फ्रेम करून देते तुमाला."

"फोटो काय करायचा गो? फोटो तर तिचा पन हाय माजघरात भिंतीवर," साईनाथ म्हणाला.

दर्शना ओढणीने डोळे पुसत लॅपटॉपसमोर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "एक करता येईल. हायबरनेट."

"म्हंजे?"

"म्हंजे गाडी डेपोत लावायची, इंजिन पूर्ण बंद. पण प्रवासी ज्या सीटवर बसलेत तिथंच बसून राहनार. परत किल्ली फिरवली की तशीच गाडी पुढं. मग वीज गेली काय नि आली काय."

"मग कर की. इतके दिवस काय झालं व्हतं?"

"लिनक्स आहे बाबा. त्याला सगळं सांगायला लागतं. प्रवाशांना ठेवायला डिस्कवर जागा द्यायची, आणि उठल्यावर ते कुठं ठेवलेत ते पन सांगायचं. नाय सांगितलं तर इंजिन चालू होईल आणि गाडी रिकामी."

"मग आदी करून बघ, जमतंय काय."

"करून बघायचं म्हंजे हाच डाव झोपवायचा. दुसरा रस्ता नाय."

तेवढ्यात भिमा अंगणात येऊन उभा राहिला. "ताई, काय ते लवकर ठरव. आभाळ आलंय आणि सारिकाने जेवन बंद केलंय माजं."

साईनाथने लेकीकडे बघून मान हलवली.

पहिल्या खेपेला पडदा काळा झाला आणि लगेच उजळला. जागा कमी पडत होती. दर्शनाने डिस्कवर आणखी जागा करून दिली, कुठून उठायचं तो पत्ता लिहिला, दोनदा वाचला आणि पुन्हा आज्ञा दिली. पडदा विझला. पंख्याची घरघर थांबली. इतक्या दिवसांनी ओटी पहिल्यांदाच एकदम शांत झाली. त्या आवाजाच्या सोबतीने आपण झोपत होतो, हे साईनाथला आता कळलं.

दर्शनाने बटण दाबलं. पंखा फिरला, काही अक्षरं पळाली, आणि पडदा काळाच राहिला. साईनाथ दोन्ही हात गुडघ्यांत घट्ट धरून बसला.

"गेला काय?" भिमाने हळूच विचारलं. मग दारातून वर बघत म्हणाला, "थांबा, पत्र्यावर कावळा हाय काय बघतो."

"भिमादादा, प्लीज!" दर्शना ओरडली. तिने पडद्याला डोळे लावले. काळ्यात काहीतरी अंधुक दिसत होतं. तिने उजेड वाढवायचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि काळ्या पडद्यातून हळूहळू पत्ते वर आले. काशीने सोडले होते तसेच.

भिमाने तेवढ्यात बॅटरी काढून खांद्यावर घेतलीसुद्धा.

तो गेल्यावर दर्शना डावाकडे बघत बसली. "बाबा," ती जपून म्हणाली, "यात एकपन चाल उरलेली नाय. आईचा डाव संपला होता."

"म्हायती हाय मना. रोज सकाळी बघतंय ना मी. नव्या डोळ्यांनी."

दर्शनाने त्याचा हात धरून एका बटणावर ठेवला. "हे दाबा. एकेक चाल मागं जाते. आईने खेळलेली सगळी ह्याला आठवते अजून."

साईनाथने दाबलं. एक पत्ता उचलून मागे गेला. पुन्हा दाबलं. काशीचा हात उलटा चालू लागला: ती जिथे थांबली होती, जिथे तिने घाईने गड्डी चाळली होती, त्या साऱ्या जागा एकेक करून येऊ लागल्या. मग तो एकदम ताठ झाला.

"ही बघ! ही इस्पिकची अठ्ठी! मी ओरडून सांगत व्हतो तिला, चौकटच्या नव्वीवर टाकू नको, बदामच्या नव्वीवर टाक. खालचे पत्ते मोकळे झाले असते! टाकलीच तिनं चौकटवर. हितंच डाव गेला बघ!"

चाळीस वर्षांच्या संसारात त्याचं म्हणणं पहिल्यांदाच खरं निघालं होतं. तिला ऐकवायला तो हसत हसत मागे वळला, आणि मागे ओटीची रिकामी भिंत होती. इतकं बिनतोड बरोबर असूनही ते ज्याला ऐकवायचं ते माणूसच नव्हतं. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला.

दर्शनाने त्याला रडू दिलं. मग विचारलं, "अठ्ठी बदामवर टाकू या का? डाव सुटेल कदाचित."

साईनाथने नाक पुसलं. "नको," तो म्हणाला. "चुकला तरी तिचा हाय. फुडं कसं जायचं ते दाखव."

दर्शनाने दुसरं बटण दाखवलं. तो एकेक चाल पुढे नेऊ लागला. अठ्ठी पुन्हा चौकटवर जाऊन बसली तेव्हा त्याला राहवलं नाही. "बघ, टाकली का नाय!"

"चालकाशी बोलू नये," दर्शना म्हणाली.

साईनाथने लेकीकडे बघितलं. मग गुपचूप उरलेल्या चाली पूर्ण केल्या, डाव काशीने सोडला होता तिथे आणून ठेवला आणि झाकण मिटलं की डाव झोपतो असं दर्शनाने सांगितल्यावर ते आपल्या हाताने मिटलं. पंखा थांबल्यावर तो म्हणाला, "जरा जनाआत्याला फोन लाव. चटनीचं बोलायचंय."