दर्गाका दाखा

आखातातल्या मीना सलमान भागातल्या फर्निचरच्या गाळ्यात मी कामाला लागलो, त्या पहिल्याच दिवशी मालक केबिनमधून माझ्यावर ओरडले, "दर्गाका दाखा!"

मी चिपळूणचा. काखेत ड्रॉइंगची गुंडाळी. शेजारी राजापूरचा सलीमभाई, सुतार, तोही त्याच सकाळी रुजू झालेला. त्याने लगबगीने रुमाल डोक्याला बांधला आणि हळूच विचारलं, "अवो, हय दर्गा खय हाय?" मालक आणखी जोरात, "दर्गाका दाखा!" सलीमभाईने चपलासुद्धा काढल्या.

मग कळलं की मालक कुर्द आहेत, कुर्दीत दर्गा म्हणजे दार आणि दाखा म्हणजे बंद कर. बाहेर मरणाचं ऊन, आणि आम्ही दोघे दार सताड उघडं टाकून एसीचा गारवा बाहेर सोडत उभे!

या शेरकोसाहेबांना आम्ही शेरकोकाका म्हणायला लागलो, तर स्वारी बेहद्द खूश. कुर्दीत काका म्हणजे थोरला भाऊ. तेव्हापासून हा पासष्टीचा माणूस चाळिशीच्या मला "काका" म्हणून हाक मारतो आणि गिऱ्हाइकं माझ्या केसांकडे बघतात.

गाळ्याचा कायदा एकच. हातोडी हवी? 'चाकूश' म्हणा, मिळेल. हिंदीत मागितलीत तर "मफी!", म्हणजे नाहीच. महिनाभरात सलीमभाई कुर्दीत भांडायलाही शिकला. आणि नावाला कुर्दीतही 'नाव'च म्हणतात हे उघड झालं, त्या दिवशी तर काकांनी सगळ्यांना कबाब खिलवले. येईल त्या माणसाला माझ्यापुढे उभं करायचे. "बोलो काका, नाम को क्या बोलता?" मी "नाव" म्हटलं की जोरदार टाळी. "देखा? एक घर का भाषा!"

एकदा मी विचारलं, ही शिकवणी आम्हालाच का?

"घर में किस को बोलेगा? बीवी थी, तो बोलता था. खलास. अभी बेटा अरबी बोलता, शिलान खाली इंग्लिश."

माझीही मुलगी माझ्या मराठीला "आय नो, बाबा" असं उत्तर देते.

शिलान त्यांची नात, नऊ वर्षांची. दर गुरुवारी शाळा सुटली की गाळ्यात येते, येताना दार उघडंच टाकते. आमच्यावर डरकाळ्या फोडणारे काका तेव्हा मात्र मुकाट्याने उठून दार लावायचे. तिला शिकवायला गेले तेव्हा ती "बोअरिंग" म्हणाली होती. परत आग्रह केला आणि पोरगी यायचीच बंद झाली तर, हीच त्यांना धास्ती.

असाच एक गुरुवार. दार उघडं, काका खुर्चीतून उठतायत, तेवढ्यात मागून सलीमभाई सवयीने गरजला, "दर्गाका दाखा!" त्याच्या मागोमाग मीही! दोघांनी जीभ चावली. काकांचा चेहरा पांढराफटक.

शिलान क्षणभर बघत राहिली. मग पोट धरधरून हसली. "यू स्पीक ग्रँडपाज लँग्वेज?"

"यस!" सलीमभाईने छाती ठोकली. "नाव, सलीम!"

तिने दार लावलं. लगेच उघडलं, मला बाहेर ढकललं, परत आत ओढलं आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, "दर्गाका दाखा!" आणि काय सांगू, तो 'खा' थेट घशातून आला! आम्हाला इतक्या वर्षांत एकदाही तसा जमला नव्हता. तिच्या आजीचा असाच असणार. मला तर नाचावंसं वाटलं. काका भिंतीकडे तोंड करून मघाशीच मापलेलं प्लायवुड पुन्हा मापत होते. टेप उलटी धरली होती.

हल्ली गुरुवारी दोन वाजले की काका स्वतः उठून दार सताड उघडतात. एसी रडतो, आम्ही घामाघूम. सलीमभाई लावायला उठला, तर "बैठो काका!" आम्ही बसतो. बाहेर शाळेच्या बुटांचा आवाज आला की काका घाईघाईने कागदांत डोकं खुपसतात आणि शिलानचा ओरडा बसायची वाट बघतात.