नऊवर नऊ

"हा रंग काळा आहे," चष्मेकाका म्हणाले.

"निळा आहे," काकू म्हणाल्या.

"तीस वर्षं लोकांचे डोळे तपासतोय मी. काळा आहे."

"मग आता एकदा स्वतःचेही तपासा. माझी शाल, आणि मला तिचा रंग ठाऊक नाही होय? उन्हात धरा, म्हणजे कळेल. भरून आलेल्या ढगासारखा आहे. देवाला सावळा म्हणतात ना, तो असा!"

देवच मध्ये आल्यावर काकांनी रंगाचा वाद सोडला. पण डोळे तपासायचं नाव काढलेलं त्यांना मुळीच खपत नसे. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या या गृहस्थांनी स्वतः कधी चष्मा लावला नव्हता. गिऱ्हाइकाला ते मोठ्या ऐटीत सांगत, "माझ्याकडे बघा! पंचावन्न वर्षांचा आहे!" गिऱ्हाईक बघत असे. काकांना मात्र हल्ली ते गिऱ्हाईक कोण, हे आवाजावरून ओळखावं लागे.

तर ही शाल निघाली होती दुकानासाठी. समोरच्या फुटपाथवर चष्म्यांचंच एक नवं दुकान थाटलं गेलं होतं. नुसती काच आणि नुसते दिवे. काकांच्या दुकानाची पाटी तर इतकी विटली होती, की ती कुठल्या रंगाची होती यावर नवराबायकोचं एकमत होत नव्हतं. तेही एक वेळ चाललं असतं. पण परवा साक्षात मास्तर सहज म्हणून गेले, "समोर डोकावलो होतो रे. बरं वाटलं." अख्ख्या गल्लीला एक-दोन शिकवलेले मास्तर! ते जिथे चष्मा करतील तिथे गल्ली चष्मा करणार. त्या 'बरं वाटलं'पायी काकांनी रात्रीचं ताट तसंच बाजूला सारलं.

शेवटी दुकानं सजवून देण्याचं काम करणारी त्यांची लेक मदतीला धावली. "बाबा, एकच रंग धरायचा. पाटीला तोच, भिंतींना तोच, तुमच्या कोटाला तोच. लांबून रंग दिसला की माणसाला आपलं दुकान आठवलं पाहिजे. आणि रंग हाच, आईच्या शालीचा. रंगाच्या कार्डावर नऊ नंबरला आहे. घननीळ. त्याच्यावर उठून दिसायला एक नंबर, सायीचा."

तिला दुसऱ्या गावी कामाला जायचं होतं. म्हणून तिने एका कागदावर नीट यादी केली: पाटी ९, अक्षरं १. भिंती ९, छत १. कोट ९, बटणं १. डोळे तपासायचा तक्ता १, त्यावरची अक्षरं ९. यादी बाबांच्या हातात दिली आणि ती गेली.

आता आपले हे एक आणि नऊ म्हणजे सख्खी भावंडं. तोच वाटोळा चेहरा, तीच शेपटी. फरक काय तो एका वळणाचा. ते वळण दिसायला डोळे तरी धड लागतात, नाहीतर चष्मा. काकांकडे चष्मे चारशे होते, पण सगळे विकायचे.

"पाटी नऊ," काका रंगाऱ्याला वाचून दाखवू लागले. "अक्षरं नऊ. भिंती नऊ. छत नऊ."

रंगाऱ्याचा हात थांबला. "काका, नऊवर नऊ?"

"लेकीनं लिहून दिलंय. ती शिकलीय यातलं."

"तक्ता?"

"नऊ. अक्षरंही नऊ."

"चांगलंय," रंगारी म्हणाला. आजकाल लोक फाटक्या विजारी नव्या म्हणून घेतात हे त्याने पाहिलं होतं, त्यामुळे त्याला कशाचंच नवल वाटत नसे. शिंप्याने कोटाला बटणं लावली, तीही नऊ नंबरची.

सोमवारी सकाळी काका नवा कोट घालून नव्या भिंतीपुढे उभे राहिले. काकूंनी नवं दुकान अजून पाहिलं नव्हतं; त्या घरून चहा घेऊन येणार होत्या. नव्या दुकानातली पहिली तपासणी मास्तरांची, असा मान ठेवला होता. मास्तर आले आणि उंबऱ्यातच थबकले.

"कुणी आहे का?"

"या मास्तर! तुमच्या समोरच आहे की!"

मास्तरांना हवेत तरंगणारं एक हसरं डोकं दिसलं. त्याच्याखाली बऱ्याच अंतरावर दोन हात जोडलेले होते. मास्तर हिंमतीचे. भिंतीला धरून, चाचपडत ते खुर्चीवर बसले. काकांनी त्यांचा जुना चष्मा अलगद काढून ठेवला आणि छडी घेऊन तक्त्यापाशी गेले.

"हं मास्तर, वरची ओळ. काय दिसतं?"

"अंधार."

काका दचकले. वरची ओळ हाताएवढ्या अक्षरांची होती. "बरं, खालची?"

"तीच गत. जरा बारीक अंधार."

"मास्तर, नीट बघा. हा बघा 'ग'. हा 'ठ'. आणि हा तर 'म', किती ठळक आहे!" काकांनी सबंध तक्ता घडाघडा म्हणून दाखवला. तीस वर्षांचा पाठ होता तो. छडी बरोबर जागच्या जागी पडत होती. अक्षरं गेली दोन वर्षं त्यांना धड दिसतच नव्हती. मग ती आज नाहीत, हे त्यांना कळावं कसं?

मास्तरांचा चेहरा पडला. "गेले रे माझे डोळे! परवापर्यंत तर मी पेपर वाचत होतो."

"असं म्हणू नका मास्तर!" काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात हातात घेतले. "मी आहे ना. रोज घरी येऊन पेपर वाचून दाखवीन मी तुम्हाला."

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी छताकडे पाहिलं, भिंतींकडे पाहिलं, दोघा रडणाऱ्यांकडे पाहिलं.

"अहो, तक्त्यावरची अक्षरं कुठे गेली?"

"आहेत की. तीस वर्षं आहेत."

"काका खरं सांगतायत," छताचा शेवटचा कोपरा रंगवणारा रंगारी शिडीवरून म्हणाला. "एकेक काढलंय मी. हात फिरवून बघा, लागतील. खाली बिनचमकीचा नऊ, वर चमकीचा नऊ. नाहीतर कुठवर आलोय ते माझं मलाच कळेना!"

काकूंनी खिळ्याला अडकवलेली यादी काढली. "हा एक आहे."

"नऊ आहे," काका म्हणाले.

"इकडे आणा," मास्तर म्हणाले. त्यांनी जुना चष्मा चढवला, कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा पुन्हा उजळला. आवाज तर थेट पहिलीच्या वर्गातला आला. "हा एक आहे! तुला मीच शिकवलाय, पाटीवर, हाताला धरून. ऊठ. नाही, बस. या खुर्चीत बस."

"मास्तर, मी?"

"बस म्हणतो ना! काकू, तो भिंगांचा डबा आणा."

आणि नव्या दुकानातली पहिली तपासणी झाली ती चष्मेकाकांची. मास्तर यादी समोर धरून एकच प्रश्न विचारत होते, "हा किती?" चौथ्या भिंगाला काका हळूच म्हणाले, "एक." मग त्यांनी मान वळवून खांद्यावर शाल घेतलेल्या काकूंकडे पाहिलं. दारातून ऊन येत होतं.

"अगं... निळी आहे."

"हो का?" काकू म्हणाल्या. "चहा घ्या, गार होईल."

पाटी पुन्हा रंगवायचं ठरलं. पण संध्याकाळी समोरच्या दुकानाचे सगळे दिवे लागले आणि तो उजेड तिरपा काकांच्या पाटीवर पडला. बिनचमकीच्या निळ्यावर चमकीची निळी अक्षरं ओल्या शाईसारखी उजळली. येणारेजाणारे थांबू लागले, माना तिरक्या करून वाचू लागले, आणि वाचून झाल्यावर, आपल्याला एवढं दिसतं याची खात्री करून घ्यायला, आत येऊ लागले.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. काकूंनी तिला फोटो पाठवला होता.

"बाबा! निळ्यावर निळं? माझी तर छातीच झाली नसती. पण मी तर अक्षरांना एक लिहिला होता ना?"

काकांनी नवा चष्मा नाकावर नीट बसवला. आरशाजवळ मास्तर चौकट निवडत होते. मागे गल्लीतली सहा माणसं ओळीने उभी होती.

"लिहिला होतास, बाळ," काका म्हणाले. "पण दिसला मला पहिल्यांदा आजच."