कॉम्प्युटरचं गाऱ्हाणं

बाबलभाऊ कॉम्प्युटर उघडण्याआधी गाऱ्हाणं घालतात. देवळात घालतात तसंच, उभं राहून, हात जोडून, खणखणीत आवाजात. नारळाच्या जागी पेचकस असतो, एवढाच फरक.

"बा देवा म्हाराजा, ह्यो मास्तरांचो कॉम्प्युटर वीस मिनिटां चलता नि पटकन बंद पडता, म्हाराजा."

इथे घरच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. घरचा म्हणून आता मी एकटाच. मी पुटपुटलो.

"मास्तरांनू, वर्गात असाच शिकवी होतास काय? मागच्या बाकार काय आयकाक येय नसात."

मी आवाज चढवला. तेवढ्यात शेजारच्या खळ्यात सुंगटं, म्हणजे कोळंबी, वाळत घालणाऱ्या काकींनीही सवयीनं एक "व्हय म्हाराजा" दिला. बाबलभाऊंचं समाधान झालं.

ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. आता देवगडच्या अलीकडच्या पाच-सहा गावांतले कॉम्प्युटर त्यांच्याकडे असतात. गाऱ्हाणं कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "मशीन बिघडला काय माणसां म्हणतत, मी हातय लावूक नाय. गाऱ्हाण्यात लपवूक जमणा नाय." खरं असावं. एका दुकानदारानं म्हणे असंच हात जोडलेले असताना कीबोर्डवर सोलकढी सांडल्याचं कबूल केलं होतं.

आमचा कॉम्प्युटर सुमतीचा, माझ्या पत्नीचा. गावच्या वाचनालयातल्या पुस्तकांची यादी ती त्यावर करत होती. प्रत्येक पुस्तकापुढे तिचा एका ओळीचा शेरा. चार महिन्यांपूर्वी ती गेली, तेव्हा दोन कपाटं राहिली होती. ती मी पुरी करीन, असं तिला सांगितलं होतं. मी त्या यंत्राला कधी हात लावला नव्हता, तरी पुस्तकं वहीत उतरवून एकेक अक्षर शोधत टाइप करायला बसलो. वीस मिनिटांत पडदा काळा. पुन्हा बसलो, पुन्हा काळा. समितीच्या लोकांनी प्रेमानंच सुचवलं की उरलेलं सावंतवाडीला टाइप करून घेऊ. मी पंधरा दिवस मागून घेतले आणि बाबलभाऊंना निरोप धाडला.

त्यांनी पहिल्याच दिवशी यादीची नक्कल पेनड्राइव्हवर काढून खिशात टाकली. मग एका दिवशी एकच उपाय, असा त्यांचा नियम. दोन उपाय एकदम केले तर गुण कोणाचा आला ते कळत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी आतली मेमरीची पट्टी काढून तिचे दात खोडरबरानं घासले. दुसऱ्या दिवशी पंखा साफ केला. त्यातून मेलेली पाल निघाली, तर माझ्याकडे बघून म्हणाले, "भाडेकरू." मग वायर बदलली. मग अर्थिंग तपासलं.

दर वेळी ते समोर तासभर बसत, चहा घेत, आणि कॉम्प्युटर गुणी मुलासारखा चाले. ते गेले की वीस मिनिटांत बंद.

"तुमका बघून घाबरता तो," आठव्या दिवशी ते म्हणाले.

"माका कोण घाबरता?" मी म्हणालो. "वर्गातली पोरांय घाबरली नाय कधी."

ते हसले नाहीत. पेचकस माझ्या हातात दिला. "आज गाऱ्हाणा तुमी घाला. माझा आयकणा नाय तो."

मी उभा राहिलो. कॉम्प्युटर वीस मिनिटं चालतो, म्हणालो. बाबल येतो तेव्हा नीट चालतो, म्हणालो. मग अडलो. ते वाट बघत राहिले.

"बाबल येवच्या आधी मी ह्येची खोळ काढून ठेवतंय, म्हाराजा. तो गेलो काय परत घालतंय. खोळीचो पुढचो पडदो तेवढो वर करतंय नि टाइप करूक बसतंय. आजारपणात सुमतीन शिवली ती. खारी हवा लागात, खोळ काढू नका, म्हणाली होती."

खोळ गोधडीसारखी जाड, तिच्या जुन्या लुगड्यांची. सगळं यंत्र मागून-पुढून झाकणारी. आतली गरम हवा बाहेर पडायला जागाच नव्हती. बोलता बोलताच माझ्या ते लक्षात आलं आणि मी खाली बघितलं. आता हसतील, वाटलं.

"व्हय म्हाराजा," बाबलभाऊ हळूच म्हणाले.

जाताना त्यांनी खोळ मागितली. मला ती द्यायची नव्हती. "कापणंय नाय," ते म्हणाले, तेव्हा दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पिशवी घेऊन आले. खोळीची मागची शिवण उसवून त्यांनी तिथे मच्छरदाणीची जाळी बसवली होती. सुमतीचं कापड तसूभरही कमी झालं नव्हतं. टाके मात्र कुठे लांब, कुठे एकावर एक. यंत्राला खोळ घालून आम्ही समोर बसलो. वीस मिनिटं गेली, तास गेला. मी तीन पुस्तकं नोंदवली. तिसऱ्यापुढे पहिल्यांदाच माझ्या मनानं एक शेरा लिहिला.

"कोणाकडसून शिवून घेतलास?" मी विचारलं.

ते कप बशीत फिरवत राहिले. "घरात शिवणाचा मशीन आसा. आमच्या हिचा. ती गेली त्याका सहा वर्षां झाली, उघडूक नाय होतंय. लोकांची मशिनां उघडीत गावभर फिरतंय, पण ता नाय." मग कप खाली ठेवून म्हणाले, "काल उघडलंय."

"चलला?"

"तेल मागी होता," बाबलभाऊ म्हणाले. "घातलंय. चलता."