लिफ्टवाला सामुराई

वकीलबाईंनी तडजोडीचा कागद टेबलावर ठेवला, शेजारी पेन ठेवलं आणि पेनाचं टोपणही स्वतःच काढून दिलं. चार महिने घासाघीस करून त्यांनी हे जुळवून आणलं होतं. घटस्फोट दोघांच्या संमतीने. आठ वर्षांची मुलगी आईकडे. पण दर शुक्रवारी संध्याकाळपासून सोमवारी शाळेपर्यंत बापाकडे. बायकोची सही होऊन गेली होती. आता पक्षकाराने फक्त स्वतःचं नाव नीट लिहायचं होतं.

पक्षकार लिफ्ट दुरुस्त करायचा. मुलीवर जीव टाकायचा, हे वकीलबाईंना ठाऊक होतं. पण त्याने पेनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"मॅडम, पहिला प्रस्ताव कधी स्वीकारायचा नसतो."

"कोण म्हणतं असं?"

"सामुराई."

बावीस वर्षांच्या वकिलीत पक्षकारांचे मेहुणे, मावसभाऊ आणि जिममधले मित्र सल्ला द्यायला येऊन गेले होते. सामुराई पहिल्यांदाच आला होता. चौकशी केल्यावर कळलं, की कंपनीने सगळ्या लिफ्टवाल्यांना दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं होतं आणि निघताना प्रत्येकाच्या हातात सामुराईंच्या युद्धनीतीचं एक जाडजूड पुस्तक ठेवलं होतं. बाकीच्यांनी ते घरी नेऊन डुगडुगणाऱ्या टेबलाखाली सरकवलं. याने वाचलं.

वकीलबाईंनी त्याला एक तास समजावलं. तो मान डोलावत राहिला आणि सही न करता गेला. आठवड्याभरात बायकोने तडजोड मागे घेतली. तिच्या वकिलाने कळवलं, की लढायचंच असेल तर महिन्यातून दोन रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, यापेक्षा एक मिनिट जास्त मिळणार नाही. प्रकरण मध्यस्थाकडे गेलं. मध्यस्थ म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश, शांत, जाड चष्म्याचे, आणि समोर घडेल ते सगळं टिपून ठेवणारे.

पहिल्या बैठकीला पक्षकार पंचवीस मिनिटं उशिरा आला. वकीलबाई फोन करून करून थकल्या. नंतर कळलं, की तो पाऊण तास आधीच आला होता आणि खाली गाड्या लावतात तिथे खांबाआड उभा राहून घड्याळ बघत होता. शत्रूला ताटकळत ठेवलं की त्याचा तोल जातो, असं पुस्तकात होतं. हा मुलीला न्यायला कधी वेळेवर येत नाही, हीच नेमकी बायकोची मुख्य तक्रार होती. ती खोडून काढायला वकीलबाईंनी तीन पानं खर्ची घातली होती. मध्यस्थांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि वहीत एक ओळ लिहिली.

दुसऱ्या बैठकीला तो वेळेआधी आला, म्हणून वकीलबाई खूश झाल्या. आत जाऊन पाहतात तर याने खोलीतल्या खुर्च्या फिरवलेल्या. सूर्य आपल्या पाठीशी हवा, म्हणजे ऊन शत्रूच्या डोळ्यांत जातं. बायकोने आल्या आल्या खुर्ची सावलीत ओढून घेतली. ऊन गेलं मध्यस्थांच्या डोळ्यांत, आणि त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते.

डोळे पुसत त्यांनी पक्षकाराला तीन साधे प्रश्न विचारले. मुलीच्या वर्गशिक्षिकेचं नाव काय, तिला कुठलं औषध चालत नाही, आणि बाकावर तिच्या शेजारी कोण बसतं. पक्षकार समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत निश्चल बसला. वकीलबाईंनी कोपराने ढोसलं तरी हूं की चूं केलं नाही. शेवटी बायकोनेच तिन्ही उत्तरं दिली.

बाहेर आल्यावर वकीलबाईंचा तोल पुरता गेला. "तुम्हाला यातलं एकही माहीत नव्हतं?"

"सगळं माहीत होतं. पण शत्रूपुढे आपला दारूगोळा उघडा करायचा नसतो."

"अहो, ते शत्रू नव्हते, मध्यस्थ होते. आता दोन रविवारसुद्धा मिळाले तरी नशीब समजा."

दोन रविवार म्हटल्यावर त्याचा चेहरा पहिल्यांदा उतरला. तरी त्याने धीर दिला, की काळजी नको, शेवटच्या लढाईची सगळी योजना तयार आहे, रविवारीच लिहून काढली. वकीलबाईंनी ती पाहायला मागितली. तो म्हणाला, घरी कोरा कागद नव्हता म्हणून मुलीच्या वहीत मागच्या बाजूने लिहिली. ही वही आईबापांनी मिळून चालवलेली. मुलीच्या गोळ्यांच्या वेळा, गृहपाठ, पडलेले दात सगळं त्यात असायचं आणि ती मुलीच्या दप्तरातून या घरून त्या घरी जायची. बोलता बोलताच तो थांबला. निकाल लागेपर्यंत शनिवार-रविवार मुलगी अजून त्याच्याकडेच असायची, आणि सोमवारी सकाळी दप्तर त्यानेच भरलं होतं.

"अक्षर भयंकर आहे माझं," तो क्षीण आवाजात म्हणाला. "तिला लागणार नाही."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. त्याची बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. पंधरा वर्षं तिने डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात घालवली होती.

तिसऱ्या बैठकीला बायकोने ती वही मध्यस्थांपुढे उघडून ठेवली. मध्यस्थांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. वकीलबाईंना जमिनीने पोटात घेतलं तर बरं असं झालं.

शत्रूची बलस्थानं, असा मथळा होता. कधीच उशीर करत नाही. औषधांच्या वेळा तोंडपाठ. पोरगी तिच्याजवळ असली की जास्त हसते. मग आपली बलस्थानं. वेणी घालता येते, तिपेडी, घट्ट. शाळेतल्या बाईंचं नाव माहीत आहे, चालत नाही त्या औषधाचंही. शेजारी बसणारी मैत्रीण शाळा सोडून गेली, म्हणून पोरगी दोनदा रडली. आईला सांगायचं नाही असं वचन घेतलंय. आणि तळाशी, दोनदा अधोरेखित: हरलो तर दोन रविवार. दोन रविवारांत वेणीची सवय मोडेल.

"रडली होती?" बायकोने विचारलं. "मी तर मागच्या बैठकीत सरांना त्या मैत्रिणीचंच नाव सांगितलं."

"तूच त्रास करून घेशील, म्हणाली ती."

बायकोने वही मिटली आणि वकिलाला बाजूला घेऊन कुजबुज केली. परत येऊन तिने सांगितलं, की शुक्रवार ते सोमवार जसं ठरलं होतं तसंच राहू दे, आणि बुधवारची सकाळही त्याला घेऊ दे. पक्षकाराने बोलायला श्वास घेतला. वकीलबाईंनी टेबलाखाली त्याच्या बुटावर टाच ठेवली. त्याने श्वास सोडला.

"बुधवारी तिचा पोहण्याचा वर्ग असतो," बायको साळसूदपणे पुढे म्हणाली. "पहाटे पावणेसहाला."

वकीलबाईंनी तिच्याकडे आदराने पाहिलं. दोन वर्षं डोळे चोळत तलावावर जाणारी ही बाई कसलंही पुस्तक न वाचता सुटली होती.

पक्षकार मात्र हिशेबात गुंतला होता. बंद पडलेली लिफ्ट कुठल्या मजल्यावरून उघडायची हे ठरवताना तो बोलत असेल, त्याच स्वरात तो म्हणाला, "पावणेसहाला तलाव, म्हणजे तिला पाचला उठवायला हवं. मी तुझ्याकडे येऊन बेल वाजवणार, तू उठणार, मग तुझी झोप वाचली कुठे? तलाव माझ्या घरापासून चार मिनिटांवर आहे. मंगळवारी रात्री ती माझ्याकडेच झोपलेली बरी."

मध्यस्थांना यात वावगं काही दिसेना. वकीलबाईंनी तिथल्या तिथे हातानेच एक ओळ वाढवली आणि कागद पुढे सरकवला. सही करण्याआधी बायकोने बोटांवर काहीतरी मोजलं, नवऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि सही केली.

वकीलबाईंनीही मोजलं होतं. शुक्रवार, शनिवार, रविवार, मंगळवार. आठवड्याच्या सातांतल्या चार रात्री मुलगी बापाकडे आली होती. इतकं त्यांनी स्वप्नातही मागितलं नसतं.

बाहेर पक्षकार बाकावर खांदे पाडून बसला होता.

"मॅडम, एकही डाव बसला नाही. सगळी योजना फसली."

आपण काय मिळवलंय हे त्याला कळलं, तर श्रेय कोणाला जाईल आणि पुढच्या भांडणात तो काय काय करील, हे वकीलबाईंना डोळ्यांपुढे दिसलं.

"साफ फसली," त्या म्हणाल्या, आणि कागद बॅगेत घालून चेन लावली.