ठासणीची बंदूक आणि अक्रोडी सदरा

एल्वुड क्लाइनची बंदूक चुकणं शक्यच नव्हतं. असं तो स्वतः म्हणायचा, आणि कुणी विचारलं नाही तरी म्हणायचा. दोन हिवाळे खपून त्याने ती स्वयंपाकघरात घडवली होती. पहिल्याच हिवाळ्यात बायको, लोर्ना, वारली; तेव्हापासून "हा पसारा उचला आधी" म्हणणारं घरात कुणी उरलं नव्हतं. त्यामुळे जेवणाच्या टेबलावर नळी, भांड्यांच्या जाळीत चकमकीचे दगड आणि ओव्हनमध्ये ऊब खात पडलेला मेपलचा दस्ता. बंदूक थेट पणजोबांच्या काळातली: नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी गजाने ठासायची, वाटीत चिमूटभर रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, घालायची, आणि मग पेटली तर आपलं नशीब.

नाताळ सरला की पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात अशाच बंदुकांनी हरणं मारायचा मोसम लागतो. लोर्नाचा भाऊ डॉयल आणि त्याची बायको नेटी, दोघांच्या लाकडी खोपटात एल्वुड उतरला होता. तिथला रिवाज जुना आणि निर्दय. नेम चुकला की सदऱ्याचं मागे लोंबणारं शेपूट कापायचं, त्यावर नाव घालून भिंतीला ठोकायचं. खुद्द डॉयलची शेपटं इतकी होती की त्यांची गोधडी झाली असती.

"भावजी, तुमच्यासाठी खिडकीशेजारची जागा ठेवलीय," नेटी ताटलीत धिरडी टाकत म्हणाली.

"ठेव. शिंगं लावायला लागेलच."

डॉयलने खिशातून कात्री काढून नुसतीच हवेत चालवली. "सदरा झकास आहे, दाजी. ताईचा ना?"

एल्वुडने हातातला घास ताटलीत परत ठेवला. अंगातला सदरा लोर्नाने शिवलेला शेवटचा. अक्रोडाच्या सालींत उकळून तपकिरी केलेला. बंदूक पुरी झाली की हाच घालून जा, असं तिने बजावलं होतं, म्हणून घातला. पण कात्री तिच्या टाक्यांवरून फिरणार, हे काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

शिकारीला घळीत उतरल्यावर त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग सदरा उतरवला, हेमलॉकच्या झाडाच्या दोन फांद्यांवर बाह्या पसरून नीट टांगला, बनियनवरच कोट चढवला आणि पुढे निघाला. चुकलोच तर कापा म्हणावं बनियन.

मग धुकं आलं. झाडं एकेक करून नाहीशी झाली. बर्फाने आवाज गिळून टाकले. कुठे पाणी ठिबकेना, की कावळा बोलेना. बऱ्याच वेळाने त्याला बर्फात पावलं दिसली. ताजी, एकट्या माणसाची, उजवा पाय जरा ओढत चालणाऱ्याची. तो त्यांच्यामागे गेला. ती वळली तिथे वळला. आणि एका ओंडक्यापाशी त्याच्या लक्षात आलं, की उजवा पाय तर आपणच ओढतो.

मानेवरचे केस ताठ झाले. काहीतरी करायचं म्हणून गोळी बसलीय ना, हे बघायला त्याने गज नळीत सारला. तेवढ्यात समोर धुकं विरळ झालं.

दोन खोडांमध्ये तपकिरी काहीतरी उभं होतं. हरणाच्याच रंगाचं. हललं जरासं.

एल्वुडने नेम धरला आणि चाप ओढला. ठिणगी, भपका, धडाम! धूर धुक्यात मिसळला तो हटेचना. तो विरला तेव्हा हरीण जागच्या जागी उभं होतं.

आणि त्याने एक हात वर केला.

एल्वुड मटकन बर्फात बसला. वारा नव्हता, तरी तो हात हळूच खाली आला. लोर्ना दारातून बोलवायची, तस्साच.

"लोर्ना?" तो पुटपुटला. "मी पाय पुसूनच आलो असतो गं."

"कुणाशी बोलताय, दाजी?"

डॉयल मागून आला होता, बार ऐकून, कात्रीसकट. तो एल्वुडला ओलांडून हेमलॉकपाशी गेला. लोर्नाच्या सदऱ्याचं शेपूट भेदून, नळीतच विसरलेला गज मागच्या खोडात रुतला होता, बाणासारखा. फांद्या हलल्या की बाह्या हलत होत्या.

"माणूस असता तर?" डॉयल हळूच म्हणाला. "मी असतो तर?"

एल्वुडने बंदूक बर्फात आडवी ठेवली.

डॉयलने सदऱ्याची कड बोटांत धरली. बहिणीचे बारीक, एकसारखे टाके. कात्री उघडली. मिटली. खिशात टाकली.

"ज्यावर धरला त्यालाच लागला नेम," तो म्हणाला. "लागलेल्याचं कापत नाहीत."

एल्वुडने इतका मोठा श्वास सोडला की धुकं सरकलं.

"फक्त एक सांगा, दाजी. नेम चुकणारच नव्हता, तर आधीच हा काढून इथे लपवला कशाला?"

एल्वुडने कोटाची कॉलर गळ्याशी घट्ट आवळली. दातांवर दात वाजत होते.

"उकडत होतं," तो म्हणाला.