हात धुतले असे म्हणावे

आमच्या परिचर्या महाविद्यालयाच्या कौशल्य कक्षातला नळ कोरडा पडला, तेव्हा या घटनेत शिक्षणशास्त्राचा काही भाग असेल असं आम्हा कुणालाच वाटलं नव्हतं. मलावीचं अख्खं सरोवर खिडकीतून दिसत होतं. पण हात धुवायचे तर फुटबॉलच्या मैदानापलीकडच्या हातपंपावर जावं लागे. मी, ग्रॅहम कापालामुला, या कक्षाचा शिक्षक. प्राचार्या मिसेस म्सुक्वांना मी रीतसर कळवलं. त्यांनी विषय इतका गांभीर्यानं घेतला, की प्लंबरऐवजी थेट झोंबाहून शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ बोलावले.

डॉ. कुमवेन्डा आले. त्यांनी नळ फिरवला, थेंब आला नाही, आणि ते प्रसन्न हसले.

"कापालामुला, इथे तुम्हाला काय दिसतं?"

"कोरडा नळ, सर."

"हीच तुमची मानसिक अडचण. मला संधी दिसते."

मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. शिकाऊ परिचारिकेचा खरा शत्रू जंतू नव्हे, तर आत्मविश्वासाचा अभाव. हात काय, कुणीही धुतो, शेळ्या राखणारी पोरंसुद्धा धुतात. 'मी हात धुऊ शकते' ही जाणीव मात्र शिकवावी लागते. परीक्षेत प्रत्येक पायरी मोठ्यानं बोलून दाखवायची, हा आमच्याकडचा जुना रिवाज होताच, कारण परीक्षकाला मागच्या खुर्चीवरून नीट दिसत नाही. डॉक्टरांनी या रिवाजात एकच सुधारणा सुचवली. बोलणं ठेवायचं, करणं गाळायचं.

खोटं कशाला बोलू, निकाल झकास लागला. 'मी हात धुतले' असं म्हणायला श्वासभर वेळ लागतो, त्यामुळे परीक्षा जेवणाआधीच संपू लागली. पुढे कापूस संपला, तेव्हा मुलं 'मी जखम पुसली' म्हणू लागली. सुया संपल्या, तेव्हा तर शीर सापडण्याचं प्रमाणही वाढलं. मग सरावाचा आमचा रबरी पुतळा, ज्याला सगळे आगोगो म्हणजे आजी म्हणतात, त्याचा उजवा हात खांद्यातून निखळला आणि कुठेतरी गहाळ झाला. तरीही अख्ख्या वर्गाला आगोगोच्या उजव्या हातातली शीर पहिल्या झटक्यात सापडली.

यशाची बातमी पसरली. महाविद्यालयाच्या प्लंबरलाही डॉक्टरांच्या आत्मविश्वास शिबिराला बसवलं. तो परत आला, नळासमोर छाती काढून उभा राहिला, "मी वायसर बदलला," असं म्हणाला आणि प्रमाणपत्र घेऊन घरी गेला. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मात्र हा प्रयोग पहिल्याच दुपारी बंद पडला. "मी मक्याची न्सिमा रांधली," असं आचाऱ्यानं जाहीर करताच मुलांनी ताटं बडवली. पोटाला प्रेरणा कमी पडते, अशी नोंद डॉक्टरांनी केली.

सगळं असं सुरळीत चाललं असताना लुसुंगु नावाच्या मुलीनं घोटाळा केला.

लुसुंगु म्खोंडिया उत्तरेकडून, करोंगाच्या बाजूची. अबोल पोर. अंतिम परीक्षेच्या दिवशी ती डोक्यावर बादली घेऊन आत आली. हातपंपावरून आणलेलं पाणी! बरोबर कपडे धुण्याच्या साबणाचा तुकडा. आम्हा तीन परीक्षकांसमोर तिनं बाह्या दुमडल्या आणि नखं, बोटांच्या बेचक्या, मनगटं, सगळं चोळचोळून धुतलं. मग हात वर धरून, पाणी निथळवत, आगोगोच्या उरलेल्या हाताकडे वळली. तोंडातून चकार शब्द नाही.

मिसेस म्सुक्वांनी माझ्याकडे पाहिलं. "हात धुतले का हो तिनं?"

"धुतले, मॅडम. तुमच्या बुटांवर पाणीही उडालंय."

"म्हणाली का?"

"म्हणाली नाही."

"मग कसे धुतले?"

लुसुंगु नापास झाली. ग्रेशम साकवाटा नावाच्या मुलानं खिशात हात ठेवून, चर्चच्या गायनवृंदात कमावलेल्या खर्जात सगळ्या पायऱ्या म्हटल्या. त्याला सुवर्णपदक मिळालं.

लुसुंगुला फेरपरीक्षेची एकच संधी होती. ती हुकली तर चंबूगबाळं आवरून करोंगाला परत, आणि परिचारिका होण्याचं नाव कायमचं सोडायचं. डॉ. कुमवेन्डांनी तिची खास तपासणी केली आणि निदान दिलं, 'कृत्यासक्ती'. म्हणजे काही सांगितलं की करून टाकण्याची खोड. लहानपणीच लागते, घरच्यांच्या हलगर्जीपणामुळे. उपचार माझ्याकडे सोपवला.

"बस गं इथे," मी म्हटलं. "हात मांड्यांखाली ठेव. आता म्हण, मी हात धुतले."

"पण सर, धुतले नाहीत ना."

"अगं बाई, तुला कोण धुवायला सांगतंय? म्हण!"

"पाणी आणू का? धावत जाते, लगेच येते."

"खबरदार जागची उठलीस तर! तुला करोंगाला परत जायचंय का?"

तिचा चेहरा पडला. आईनं बसच्या खिडकीला धरून निरोप देताना सांगितलं होतं म्हणे, शिकून आल्याशिवाय तोंड दाखवू नकोस. मला पोरीची फार दया आली. मी रोज तिला हात मांड्यांखाली दाबून बसवलं. आधी ती पुटपुटायची, मग बोलू लागली, मग ठणकावून बोलू लागली. एकदा तर पाण्याची भरलेली बादली मी मुद्दाम समोर ठेवली. तिनं बादलीकडे ढुंकूनही न पाहता हात धुतल्याचं सांगितलं. माझा ऊर भरून आला. फेरपरीक्षेत ती पहिली आली आणि जिल्हा रुग्णालयात रुजू झाली.

त्यानंतर मिसेस म्सुक्वांना चांबो मासा साफ करताना पराचा काटा तळहातात रुतला. हात भोपळ्यासारखा सुजला, ताप चढला. जिल्हा रुग्णालयात दाखल केलं. मी भेटायला गेलो, तर तिथेच नोकरीला लागलेला ग्रेशम खाटेशी उभा राहून खर्जात सांगत होता, "मी पू काढला. मी पट्टी बांधली. रुग्णाला आराम वाटत आहे."

"मला काही आराम वाटत नाहीये!" मॅडम ओरडल्या.

"एकदा तसं म्हणून तर बघा, मॅडम," ग्रेशम मायेनं म्हणाला, आणि पुढच्या खाटेकडे गेला.

मॅडमनी चांगल्या हातानं माझी बाही धरली. "कापालामुला, ती बादलीवाली मुलगी इथेच आहे ना हो? तिलाच बोलवा. दुसरं कुणी नको. हा हात जाईल हो माझा."

मी धावत जाऊन लुसुंगुला घेऊन आलो. खाटेशेजारी, का कोण जाणे, हॉस्पिटलचा नळ होता आणि तो चक्क वाहत होता. लुसुंगु नळाच्या शेजारी ताठ उभी राहिली, हात पाठीमागे बांधले, आणि स्वच्छ, सुरेल आवाजात म्हणाली, "मी हात धुतले."

मॅडमचे डोळे भरून आले. "खरंच धुतलेस का गं, पोरी?"

लुसुंगुनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मॅडम, या प्रश्नाला मार्क आहेत का?"

मॅडमचा हात शेवटी वाचला नाही. त्यांच्या निरोप समारंभात डॉ. कुमवेन्डांनी तो वाचला असं जाहीर केलं, आणि मॅडमनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या असं इतिवृत्तात लिहिलं आहे.

आता तुम्ही पुस्तक मांडीवर ठेवून म्हणाला असाल, "छे छे, भयंकर आहे हे! कुणीतरी काहीतरी करायला हवं." मोठ्यानं म्हणाला असाल तर पूर्ण गुण. मनातल्या मनात म्हणाला असाल तर फेरपरीक्षेला बसा, मी शिकवीन. आणि उठून काही करायला निघाला असाल, तर कृपा करून खाली बसा. हात मांड्यांखाली ठेवा.